घरात कोण कोण असतं

चंद्रा मराठी सातवी पास झाली तेव्हा नंदिगड्ड्यात तेवढं शिकलेली दुसरी मुलगी नव्हती. तिचा बाप म्हादू रानात लाकूडतोडीला जायचा आणि पावसाळ्यात स्वतःच्या तुकड्यात थोडं भात लावायचा. त्याला स्वतःला सहीपुरतंही अक्षर येत नव्हतं. पण पोरीला शिकवायचं त्यानं मनावर घेतलं, आणि त्याच्या बायकोनं, रुक्मानं, चारचौघींची बोलणी खाऊन ते निभावलं.

बेळगावच्या सरकारी दवाखान्यात मुलींना सुईणपण शिकवतात आणि पुढं सरकारी नोकरी देतात, ही बातमी रुक्माचा भाऊ परशू गुंद गावाहून घेऊन आला. अर्ज कसा करायचा ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हादू पोरीला घेऊन कॅसलरॉकला नारायणबाबूंकडे गेला.

नारायणबाबू स्टेशनावर पार्सलचे कारकून होते. गोव्याची हद्द बंद झाल्यापासून गाड्या कॅसलरॉकपर्यंतच येत आणि तिथूनच माघारी फिरत, त्यामुळे बाबूंच्या हाताला काम उरलं नव्हतं. आसपासच्या खेड्यांतली माणसं आपली कागदपत्रं त्यांच्याकडे आणत आणि बाबू ती मन लावून करत.

त्यांनी चंद्राला समोर बसवून सगळं समजावलं. आपला तालुका आता म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा नुसत्या मराठी सातवीवर भागायचं नाही. कन्नड बोलतेस ते ठीक, पण लिहा-वाचायला शीक आणि सुप्याच्या कन्नड मास्तरांचा तसा दाखला घे. वय आहे तेच सांग. शिफारशीला नात्यातलं माणूस चालत नाही, आणि नुसतं मोठं माणूसही कामाचं नाही.

"उद्या कुणी त्याला विचारलं, तर तुझ्याबद्दल दोन वाक्यं जास्तीची सांगता आली पाहिजेत, असा माणूस बघ," बाबू म्हणाले. "तुझ्या हेडमास्तरांना सांगता येतील. गावच्या देसायांना नाही यायची."

मग त्यांनी चंद्राला घरात चहा ठेवायला पाठवलं आणि आवाज खाली घेतला. नोकरी देण्याआधी पोलीस गावात येऊन चौकशी करतात. पाटलाला विचारतात, शेजाऱ्यांना विचारतात. मुलगी कशी आहे, घराणं कसं आहे.

"पहिला प्रश्न असतो, घरात कोण कोण असतं," बाबू म्हणाले.

म्हादूला पुढचं कळलं. रेशनिंगच्या दिवसांत एका व्यापाऱ्याचे तांदूळ घाट उतरून गोव्यात पोचवताना तो पकडला गेला होता आणि कारवारच्या तुरुंगात राहून आला होता. व्यापारी सुटला, हमाल अडकला. गावानं ते कधीच विसरून टाकलं होतं, पण सरकार विसरतं की नाही हे म्हादूला ठाऊक नव्हतं. बाबूंनाही नक्की ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच आठवत होतं, की एका पोराला रेल्वेतल्या गँगमनच्या नोकरीतून परत पाठवलं होतं आणि त्याचा भाऊ तुरुंगात होता. कारण कुणी सांगितलं नाही, पण लोक भावाचंच नाव घेत होते.

"मी खात्रीनं सांगू शकत नाही, म्हादू. पण तू घरात नसतास तर बरं झालं असतं."

वाटेत चंद्रा कन्नड अक्षरांबद्दल बोलत राहिली. म्हादू हुंकार भरत राहिला.

रुक्मानं सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं हेच म्हटलं, की पोरीला सांगू या. म्हादू म्हणाला, "न्हाई. तिला खोटं बोलाय येत न्हाई. पोलिसानं इचारलं तर तिच्या तोंडावर दिसंल." नुसतं घर सोडून भागणार नव्हतं. तो गेला आणि का गेला हे गावाच्या डोळ्यांदेखत व्हायला हवं होतं, म्हणजे पाटलाला खरं तेच सांगता आलं असतं.

मळणीच्या दिवशी घरासमोरच्या खळ्यावर माणसं होती. म्हादूनं भाकरी वेळेवर आली नाही एवढ्यावरून रुक्माशी भांडण काढलं. तो तिला नको नको ते बोलला. तिच्या माहेराचा उद्धार केला. भाताचं मडकं उचलून अंगणात आपटलं. रुक्मा आधी ठरल्याप्रमाणे उलट बोलली, पण मडकं फुटल्यावर तिला खरंच रडू आलं. म्हादूनं कोयता घेतला, कांबळं खांद्यावर टाकलं आणि "पुन्हा या घराचं त्वांड बघणार न्हाई" असं सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून तो चालू लागला. चंद्रा शेताच्या बांधापर्यंत "बा, बा" करत मागं धावली. तो वळला नाही. वळला असता तर सगळंच फसलं असतं.

कॅसलरॉकच्या रानात एका ठेकेदाराकडे तो लाकडं तोडायला राहिला. उन्हाळ्यात परशूनं येऊन सांगितलं, की पोलीस येऊन गेला. पाटलानं सांगितलं, बाप घर सोडून गेला, संबंध नाही. पुढं चंद्राची निवडही झाली. ज्या दिवशी ती बेळगावला निघाली, त्या दिवशी म्हादू स्टेशनाबाहेर रचलेल्या ओंडक्यांआड उभा होता. रुक्मा तिला पोचवायला आली होती. चंद्रानं नवी चप्पल घातली होती आणि ती चालताना अडखळत होती. गाडी हलल्यावर रुक्मानं ओंडक्यांकडे एकदा बघितलं आणि पदर तोंडाला लावून ती गावाच्या वाटेला लागली.

शिक्षण संपलं की घरी जायचं असं म्हादूनं मनाशी धरलं होतं. पण रामनगरच्या दवाखान्यात चंद्राची नेमणूक झाली ती हंगामी होती. बाबू म्हणाले, कायम करताना पुन्हा चौकशी होते. मग तो राहिला. बाजाराचं निमित्त करून रुक्मा अधूनमधून कॅसलरॉकला यायची. फणसाचे गरे आणायची, नाचणीची भाकरी आणायची. दोघं स्टेशनामागच्या आंब्याखाली बसायची आणि फारसं बोलायची नाहीत. एकदा गावच्या कुणीतरी तिला तिथं बघितलं. त्यावर म्हादूच म्हणाला, की काही दिवस येऊ नको. ती आली नाही. नंतरही आली नाही, कारण त्यानं ये म्हणून निरोप धाडला नव्हता.

गोवा मोकळा झाला त्याच्या आधीच्या पावसाळ्यात रुक्मा तापानं गेली. ओढे भरले होते, निरोप उशिरा पोचला. म्हादू चिखल तुडवत नंदिगड्ड्याला आला तेव्हा परशूनं अग्नी दिला होता. चंद्रा रामनगरहून आली होती, तीही आई शुद्धीत असताना पोचली नव्हती. बाप समोर दिसल्यावर तिनं डोळे पुसले.

"आता कशाला आलात?" ती म्हणाली.

लहानपणापासून ती त्याला अरे-तुरे करत आली होती. हे "आलात" त्याच्या जिव्हारी लागलं. परशूनं काही बोलायला तोंड उघडलं, तर म्हादूनं मान हलवून त्याला गप्प केलं. नोकरी अजून कायम झाली नव्हती. तो राखेला हात जोडून आल्या वाटेनं परत गेला.

पुढं गोव्याच्या गाड्या सुरू झाल्या आणि कॅसलरॉकच्या फलाटावर पुन्हा माणसांची दाटी झाली. एका दुपारी म्हादू ओंडके चढवत असताना एका म्हाताऱ्यानं त्याला हाक मारली. हल्याळकडचा बसप्पा, पूर्वीचा पोलीस. आता निवृत्त होऊन बायकोला गोव्यातली मंगेशी दाखवायला निघाला होता. चंद्राच्या चौकशीला तोच आला होता. तो म्हादूला तुरुंगाच्या वेळेपासून ओळखत होता.

पोरगी कशी आहे, असं त्यानं आपुलकीनं विचारलं. म्हादूनं सांगितलं, आताच कायम झाली.

"होणारच. हुशार पोर," बसप्पा म्हणाला. "तुझी शिक्षा मीच लिहिली होती बघ त्यात. लपवून कसं चालेल? साहेब म्हणाले, बापानं केलं ते बापानं भोगलं, पोरीचा काय संबंध. तिथंच सही केली."

म्हादूनं हळूच विचारलं, "आणि मी घर सोडल्यालं?"

"पाटील सांगत होता काहीतरी. नवरा-बायकोचं भांडण ते, त्याचं कशाला लिहू?"

गाडी आली. बसप्पा बायकोला घेऊन चढला. म्हादू ओंडक्यावर टेकला, तो मुकादम ओरडेपर्यंत उठला नाही. त्याला राग आला नाही. बाबूंचा तर मुळीच नाही. त्याला फक्त आंब्याखाली गऱ्यातली आठळी बाजूला काढत बसलेली रुक्मा दिसत राहिली.

नोकरी कायम झाल्यावर परशूच्या पोटात ते गुपित राहिलं नाही. त्यानं भाचीला सगळं सांगितलं. चंद्रा दुसऱ्याच दिवशी रानात आली आणि ठेकेदाराच्या माणसांसमोर बापाच्या पायावर डोकं ठेवून रडली. बसप्पाचं बोलणं म्हादूच्या ओठांवर आलं होतं, ते त्यानं गिळलं. आपल्यापायी आईबापानं भोगलं, पण ते कारणी लागलं, एवढं तरी तिच्यापाशी राहू दे, असं त्याला वाटलं. ती त्याला रामनगरला आपल्या खोलीवर घेऊन गेली.

तिथं बरं चाललं होतं. चंद्रा बाळंतपणं करायची, म्हादू अंगणात भाजी लावायचा. आसपासच्या मुली नोकरीचं विचारायला तिच्याकडे येत. बाबूंनी तिला सांगितलेलं सगळं ती त्यांना सांगायची. वय खोटं घालू नका, नात्यातल्याची शिफारस नको, दाखले आधी गोळा करा.

एक दिवस गुणा नावाची मुलगी आली. तिचा भाऊ सागवान चोरीत सापडून शिक्षा भोगून आला होता. सांगताना ती पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती. चंद्रानं तिला जवळ बसवलं.

"भावाला काही दिवस दुसरीकडं ठेव," ती म्हणाली. "चौकशी होईपर्यंत. कठीण हाय, पण माझ्या बानं तसंच केलं, म्हणून मी हितं हाय."

म्हादू अंगणात वाफ्यापाशी होता. त्याच्या हातातलं खुरपं थांबलं. गुणा दारातून बाहेर पडली तसा तो कुंपणापाशी गेला.

"पोरी, भावाला घरातच ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "पोलिसानं इचारलं तर खरं ते सांगा. त्यानं तुझी नोकरी जात न्हाई."

गुणा गोंधळून एकदा त्याच्याकडे, एकदा दाराकडे बघत राहिली आणि मान हलवून गेली. चंद्रा दारात उभी होती.

"बा, तुला कसं ठाऊक?"

आता सांगण्यावाचून इलाज नव्हता. म्हादूनं तिच्याकडे न बघता सांगितलं. बसप्पा भेटला ते, साहेबानं काय म्हटलं ते, भांडणाचं त्यानं लिहिलंच नव्हतं ते. सांगायला फार वेळ लागला नाही. चंद्रा पायरीवर बसली. दवाखान्याचा शिपाई बोलवायला आला, त्याला तिनं येते म्हणून परत पाठवलं आणि तशीच बसून राहिली.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "आयेला हे कळलं होतं?"

"न्हाई. ती गेल्यावर मला कळलं."

"बरं झालं," चंद्रा म्हणाली. मग उठून तिनं पिशवी घेतली आणि ती दवाखान्याकडे निघाली.