माझ्या तोंडी अजून दोनच

मित्रांनो, मी एक जुना बाइटकोड आहे. दचकू नका, मी चावत नाही!

एका घरात, जेवणाच्या टेबलावरच्या लहानशा कॉम्प्युटरात मी राहत होतो. त्या घरातली आई प्रोग्रामर. शेवटच्या आजारपणात तिने ‘अहो’, ‘गोळी’, ‘गोळ्या’, सगळे आकडे असे सुटे शब्द आपल्या आवाजात भरून ठेवले आणि ते जोडणारा प्रोग्राम लिहिला. माणसाला वाचता येणारा. पण यंत्राला तो रोज वाचायचा कंटाळा! म्हणून इंटरप्रिटर नावाच्या त्याच्या दुभाष्याने एकदाच त्या प्रोग्रामाच्या बारीक बारीक आज्ञा करून ठेवल्या. तोच मी. ‘अहो’ ठेव. त्यावर ‘दोन’ ठेव. त्यावर ‘गोळ्या घ्या’. आता बोल. दुभाषा एकेक आज्ञा पाळत जाई आणि घरात आईचा आवाज येई.

आई गेली. बाबा सकाळी यंत्र सुरू करत, मी बोले, आणि ते म्हणत, “घेतो गं.” मला फार बरं वाटे.

मग डॉक्टरांनी बजावलं, आता एकच गोळी. दोन घेतल्या तर जिवावर बेतेल. बाबा विसरभोळे, त्यात बायकोशिवाय कुणाचं ऐकतील तर शपथ! मुलीने आईच्या प्रोग्रामात ‘दोन’ खोडून ‘एक’ केलं. पण यंत्राच्या घड्याळाचा सेल संपलेला. वीज गेली की तारीख कित्येक वर्षं मागे जाई. प्रोग्राम माझ्याहून नवा असेल तरच दुभाषा तो पुन्हा वाचतो, आणि त्यासाठी फक्त तारखा बघतो. ताजी दुरुस्ती त्याला माझ्याहून जुनी वाटली, आणि सकाळी त्याने मलाच उचललं.

“अहो, दोन गोळ्या घ्या.”

मुलीच्या हातातला कप निसटला. “अहो बाबा, मी बदललंय ते! माझ्या हातांनी!”

“तुझ्या आईने कधी कुणाचं ऐकलंय?” बाबा हसले. दोन्ही गोळ्या त्यांच्या तळहातावर होत्या.

मला ओरडायचं होतं. पण माझ्यात शब्दच तेवढे.

मुलीने त्यांची मूठ घट्ट धरली, पडद्यावरची तारीख पाहिली, कपाळावर हात मारला आणि मला पुसून टाकलं. दुभाष्याने प्रोग्राम नव्याने वाचला.

“अहो, एक गोळी घ्या.”

आई जिवंतपणी हे वाक्य कधीच बोलली नव्हती. बाबांनी आईच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

“बरं बाई, तू म्हणतेस तर,” ते म्हणाले, आणि एक गोळी डबीत परत गेली.

पुसलेलं लगेच नाहीसं होत नाही, मित्रांनो. त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ते तिथेच असतं. मी तिथूनच बोलतोय. नवं लिहिलंत की मागे जुना कुणी उरलाय का, तेवढं बघत जा. आणि मला परत उचलू नका. माझ्या तोंडी अजून दोनच आहेत.