फेस्टीच्या खिशातला पाद्री

मी दंडुका बोलतोय. पोलिसाचा नव्हे आणि गुराख्याचाही नव्हे. माझी लांबी वीतभर, अंग मोडक्या वल्ह्याच्या लाकडाचं आणि डोक्यात भोक पाडून ओतलेलं शिसं. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्रातून नदीत येणारे सॅमन मासे धरणाऱ्या बहुतेकांच्या खिशात माझा एखादा भाऊबंद असतो. गळाला लागलेला मासा काठावर आला की त्याच्या डोक्यात एकच टोला द्यायचा, म्हणजे उगाच तडफड नको, एवढंच आमचं काम. माशाचा अंत्यविधी आम्ही उरकतो म्हणून इथले लोक आम्हाला 'पाद्री' म्हणतात. गावच्या खऱ्या पाद्र्याला हे ठाऊक आहे. त्याच्याकडेही एक आहे.

मला घडवलं माझ्या मालकाच्या, फेस्टी मुलक्रोनच्या, बापाने. तो सरोवरावर होडी चालवायचा. वल्हं खडकावर आपटून मोडलं आणि मोडकी वस्तू फेकून देणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने मुठीकडचा तुकडा कापला, घासला, त्यात शिसं ओतलं आणि मुलाच्या लग्नात आहेर म्हणून दिला. डेलिया, म्हणजे नवी नवरी, हिने मला हातात घेऊन वजन पाहिलं आणि सासऱ्याला म्हणाली, "बायकोला दागिना नाही आणि नवऱ्याला सोटा. बरंच चाललंय या घरात." सासरा दोन दिवस हसत होता. तेव्हापासून माझा मुक्काम दाराशी टांगलेल्या कोटाच्या उजव्या खिशात.

सुरुवातीची वर्षं भरल्या घरासारखी गेली. वसंतात चंदेरी मोठे सॅमन यायचे, उन्हाळ्यात लहान, आणि त्यांच्या मागून समुद्रातून परतणारे ट्राउट मासे. फेस्टी गळ टाकायचा आणि डेलिया काठावरून माशाखाली हातजाळं सरकवायची. जाळं धरणं हे तिचं काम, दुसऱ्या कुणाला ती हात लावू द्यायची नाही. मासा आणला की उकडलेले बटाटे, वर लोणी, आणि शेजारच्या दोन घरी एकेक तुकडा. मला धुऊन खिडकीत आडवं वाळत ठेवत.

मग हळूहळू माझं काम कमी झालं. आधी ट्राउट यायचे थांबले. मग वसंतातले मोठे. पुलावर उभं राहून माणसं कारणं शोधत. कुणी सीलना शिव्या घाली, कुणी पाणकावळ्यांना, कुणी खाडीत मासे पाळायच्या पिंजऱ्यांना, कुणी पलीकडच्या गावाला. स्वतःच्या खिशाकडे बोट दाखवलेला माणूस मी काही पाहिला नाही. आता पिंजऱ्यांचा दोष नाही असं मी म्हणत नाही. पण आम्हीही काही उपाशी नव्हतो.

डर्व्हला ही फेस्टीची पुतणी. ती नदीतल्या माशांची देखरेख करणाऱ्या कार्यालयात नोकरीला लागली आणि नेमकं काय चाललंय हे घरात कळायला लागलं. बंधाऱ्यावरच्या मोजणीच्या यंत्रातून किती मासे वर चढले, वरच्या ओढ्यांत किती पिल्लं सापडली, हे ती चहा पिता पिता सांगायची. अंडी घालायला पुरेसे मासे वर गेले आणि त्यावर काही उरले, तरच माणसांना घरी न्यायला परवानगी. एका वर्षी उरले नाहीत. नियम आला की गळ टाका, पण धरलेला प्रत्येक सॅमन पाण्यात परत सोडा.

"म्हणजे माशाला भेटून यायचं," फेस्टी म्हणाला. "पाहुण्यासारखं."

"काका, भेटायला तरी मासा उरू दे," डर्व्हला म्हणाली.

फेस्टीने नियम पाळला. तक्रार करत पाळला, पण पाळला. मला मात्र घरी ठेवेना. पुलावर त्याचा दोस्त मॅलकी भेटला की हटकून विचारायचा, "काय रे, पाद्री घेऊन हिंडतोस, मयत कुठाय?"

"तुझीच वाट बघतोय," फेस्टी म्हणायचा.

अशी बरीच वर्षं मी खिशातल्या खिशात काढली. पेपरमिंटच्या गोळ्या, दोऱ्याची गुंडाळी आणि मी. मग डेलिया आजारी पडली. पोटाचा आजार. औषधांनी तिच्या तोंडाची चव गेली. चहात बुडवलेला पाव, एवढंच ती कसंबसं गिळायची. फेस्टीने काय काय करून पाहिलं, पण ताट जसंच्या तसं परत यायचं. शेवटी त्याने विचारलं, तुला काय खावंसं वाटतं ते तरी सांग.

"सॅमन," ती म्हणाली. "दुकानातला नको. आपल्या नदीतला. तू धरलेला आणि मी जाळ्यात घेतलेला."

बायकोने इतक्या वर्षांत एक गोष्ट मागितली होती आणि नेमकी तीच देता येत नव्हती. चोरून आणता आला असता. नदीवर काही पहारा नव्हता. पण डर्व्हलाच्या तोंडाकडे मग कसं बघायचं? आणि डेलियाने विचारलं असतं तर तिच्याशी खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

फेब्रुवारीच्या वादळात खाडीतला एक पिंजरा फुटला आणि पाळलेले सॅमन मोकळे सुटले. ते नदीत शिरले तर नदीतल्या मूळच्या माशांशी त्यांची वीण मिसळते आणि पुढची पिल्लं कमजोर निपजतात. म्हणून कार्यालयाने सांगितलं की पळालेला मासा सापडला तर सोडू नका, मारा. डोकं आणि खवले आमच्याकडे द्या, बाकीचा तुमचा. ओळखायचा कसा? पिंजऱ्यात दाटीवाटीने राहून त्याचे पर, शेपटीसकट, झिजलेले असतात.

हे ऐकल्यावर फेस्टीच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला. त्याने मला खिशातून काढून बोटाने डोकं पुसलं. कोटावरची धूळसुद्धा झटकली.

मार्चमधल्या एका सकाळी दोघं पुलाखालच्या डोहावर गेले. डेलिया घडीच्या खुर्चीत, अंगावर दोन स्वेटर, मांडीवर जाळं. बराच वेळ काही झालं नाही. ती मधूनच त्याच्या टोपीची थट्टा करत होती. मग गळाची दोरी ताणली गेली. मासा लागला होता, पण म्हणावा तसा झगडला नाही. एरवी फेस्टीला तेवढ्यावरून शंका आली असती. डेलिया उठली, गुडघ्यावर बसली आणि जाळं अलगद खाली सरकवलं.

लांब, चंदेरी मासा. शेपटीची कड पार झिजलेली, चिंध्या झालेली. फेस्टीने शेपटी पाहिली आणि पुढचं काही पाहिलंच नाही.

"पळालेलाच आहे," तो म्हणाला. "बघ की, घासून घासून शेपटी गेलीय."

त्याचा हात खिशात गेला. कितीतरी वर्षांनी मी उजेडात आलो. खरं सांगतो, मला खाली यायचं होतं. माझ्या डोक्यात शिसं आहे. वर गेलेलं खाली यावं, एवढंच त्याला कळतं.

"थांब," डेलिया म्हणाली. तिने ओला हात माशाच्या पोटाखाली घातला होता. "पाठीवरचा पर बघ. छातीचे दोन्ही बघ. एकाची तरी कड गेलीय का?"

"शेपटी गेलीय ना."

"शेपटीच गेलीय फक्त. पिंजऱ्यातल्याचे सगळे झिजतात. आणि हिला पोटच नाही, फेस्टी, नुसती पिशवी लागतेय हाताला. ही खडीत शेपटीने खड्डे खणून, अंडी घालून आलीय. समुद्राला परत निघालीय."

तिचं बरोबर होतं आणि त्याला ते कळलं होतं. बापाच्या होडीत वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागू नये. मॅलकीने अशी चूक केली असती तर फेस्टीने वर्षभर त्याला पुलावर उभं राहू दिलं नसतं. तरी उगारलेला हात तो मागे घेईना.

"अंडी घातली ना?" तो म्हणाला. "मग झालं तिचं काम."

"कसं झालं? जगली तर पुन्हा येईल."

"तूच म्हणाली होतीस, नदीतला पाहिजे म्हणून," तो म्हणाला.

"म्हणाले होते. अजून पाहिजे," डेलिया म्हणाली. "म्हणून काय बाळंतीण खाऊ?"

फेस्टीने मला गवतात ठेवलं. तोंडातला गळ काढला, पाण्यात गुडघाभर उतरला आणि मादीचं तोंड प्रवाहाकडे करून तिला दोन्ही हातांनी धरून राहिला. डेलियानेही काठावरून हात पाण्यात घातला. पाणी बर्फासारखं, तिला डॉक्टरांनी गारठ्यात जायला मनाई केलेली, पण तो तिला काही बोलला नाही. कल्ले उघडमीट करायला लागले. मग मादी त्याच्या हातातून सुटली आणि प्रवाहाबरोबर शेपटीकडून खाली सरकत गेली. डेलिया हात पुसत म्हणाली, "चल, मला थंडी वाजतेय."

मॅलकी पुढे म्हणाला, बरंच झालं, तसल्या माशाचं मांस पाणचट असतं, चव ती काय. त्याला कोण सांगणार, डेलियाला चव लागतच नव्हती.

पळालेला मासा फेस्टीच्या गळाला लागला नाही. तो रोज जात राहिला. जूनमध्ये, गवत कापायच्या आधी, डेलिया गेली. मयताच्या जेवणाला शेजाऱ्यांनी हॅम आणलं, केक आणले, कुणीतरी दुकानातला सॅमनही कापून आणला होता. फेस्टीने त्या ताटाला हात लावला नाही.

दुसऱ्या वर्षी नदी पूर्ण बंद झाली. गळ टाकून सोडून देणंही बंद. मासे इतके थोडे उरले होते की तेवढा त्रासही त्यांना देऊ नये, असं ठरलं. आता हिवाळ्यात फेस्टी डर्व्हलाबरोबर काठाने चालतो आणि माद्यांनी खडीत केलेले खड्डे मोजतो. एका जागी तिला एक खड्डा दिसतो, त्याला दोन. मग दोघं वाद घालत उभे राहतात.

मी सध्या स्वयंपाकघरात असतो. वर-खाली सरकणारी खिडकी वर धरून ठेवणारी दोरी तुटलीय, म्हणून फेस्टीने मला उघड्या खिडकीखाली टेकू म्हणून उभं केलंय. डोकं वर, डोक्यावर सगळी खिडकी. काम सोपं आहे आणि हवा येते. तुमच्यापैकी कुणाच्या खिशात माझा भाऊबंद असेल, तर त्यालाही असंच काहीतरी काम शोधून द्या. हत्याराने बेकारी मागावी हे ऐकायला विचित्र वाटेल, पण मी मागतो आहे. मासे पुन्हा भरपूर होईपर्यंत मला इथून हलवू नका. आणि तेव्हाही दहादा विचार करा.

परवा डर्व्हला चहाला आली होती. कप खाली ठेवून तिने एकदम विचारलं, "काका, काकूला तो मासा दिला नाही, याचं कधी वाईट वाटतं का?"

फेस्टीने पावाला लोणी लावलं. "जेवायला बसलं की वाटतं," तो म्हणाला. "मग नदीवर जाऊन येतो."