पहिलं पाणी

“ओतू नको,” म्हणत चिंधूमामाने चिमीचं मनगट धरलं. स्टीलच्या पेल्यातलं पाणी हिंदकळून जमिनीत जिरलं.

मिठागराच्या बांधावर, गवताच्या मांडवाखाली चिमीची आई नवसी आडवी पडली होती. सकाळपासून उन्हात मीठ ओढत होती. दुपारी काहीबाही बडबडायला लागली आणि कोसळली. अंग चटका बसावा असं तापलेलं, पण घामाचा टिपूस नाही.

“मामा, आयला ऊन लागलंय. अंगावर पानी ओतायचं, वारा घालायचा. बाईंनी शिकवलंय.”

“आडव्या मानसाला डोक्यापासून पानी कवा घालतात, ठावं हाय ना तुला? जित्या बहिनीला मी तशी आंघोळ घालू? ताप हाय तो. गोधडी आन.”

चिमी आश्रमशाळेत आठवीत होती, सुट्टीत आईबरोबर मिठागरावर आली होती. एक्क्याण्णव सालच्या हिवाळ्यात शाळेत प्रदर्शन भरलं, तेव्हा मंगलाबाईंनी तिच्याकडून भाषण पाठ करून घेतलं होतं. धूर वाढतोय, रानं तुटताहेत, पृथ्वी तापतेय. पुढे हेच ऊन माणसांना आजारी पाडेल. ‘पुढे’ म्हणताना चिमीने हात लांब केला होता. बोईसरच्या कुठल्याशा कारखान्याचे साहेब पाहुणे होते. त्यांच्या स्वागताला पोरं बराच वेळ उन्हात उभी होती. साहेब आले, पंख्याखाली बसले, टाळ्या वाजवल्या आणि चिमीला हा पेला देऊन गेले. धुराबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. पोर गोड बोलली, एवढंच त्यांना कळलं. नवसी मात्र तो पेला कुणाला उष्टा करू देत नसे.

चिमी मुकादमाकडे धावली. “गाडी बोलवा. दवाखान्यात न्यायची हाय.”

“मिठाचा ट्रक सांजला भरंल, त्यात न्या,” तो म्हणाला. “आनी पिपातलं पानी पियाचं हाय. सांडू नको.”

ती परतली तोवर आईवर गोधडी पडली होती. तिने ती ओढली, तर बायांनी तिलाच धरून बाजूला बसवलं. चिंधूमामा बहिणीचे तळवे चोळत होता, रडत होता. तो दुष्ट नव्हता, आणि त्याच गोष्टीचा चिमीला सगळ्यात जास्त राग आला.

ट्रक भरेपर्यंत नवसी राहिली नाही. ट्रकने तिला दवाखान्याऐवजी पाड्यावर नेलं.

अंगणात तिला आडवी केली. न सांगता बाया विहिरीवर गेल्या आणि हंड्यामागून हंडे येऊन पडले. आता पाण्याला तोटा नव्हता.

“पयलं पानी लेकीचं,” चिंधूमामा म्हणाला आणि त्यानेच पेला भरून चिमीच्या हातात दिला.

चिमीने बाईंनी शिकवलं होतं तसं केलं. आधी डोक्यावर ओतलं, मग मानेवर, मग काखेत. पेला खाली ठेवून तिने भिंतीला टेकवलेलं सूप उचललं आणि आईला वारा घालायला लागली.

या वेळी कुणीच तिचा हात धरला नाही.