खरा चंद्र आहे माझ्या पोटात

मी कॅसेट आहे, पण गाण्याची नव्हे. भजन ऐकायला कान लावू नका. माझ्या पोटात चंद्र आहे, आणि तो खरा आहे.

शहाऐंशी साली रत्नागिरीच्या एका शाळेत संगणक आला. तेव्हा संगणकाचे खेळ साध्या कॅसेटवरच भरत. तिथल्या शिक्षिका राहीबाईंनी चंद्रावर यान उतरवायचा खेळ लिहून माझ्यात भरला. माझं यान बटण सोडलं म्हणून थांबत नसे. तिथे ना वारा, ना पाणी; अडवणार कोण? थांबायचं तर उलटा जोर लावा. इंधन संपलं की चंद्र ओढून घेई. बहुतेक जण आपटत.

हेडमास्तर भडकले. "बाई, उद्या प्रदर्शनात पाहुण्यांचं यान आपटलं तर शोभेल का? बटण सोडलं की थांबू दे त्याला!"

"सर, चंद्राला पाहुणे कळत नाहीत."

"मग ती विकतची सोपी कॅसेट आहेच. लावतो तीच!"

"पाहुण्यांनाच विचारू की, खरं हवं का सोपं."

राहीने घरी येऊन माझ्या कडेचा प्लास्टिकचा तुकडा मोडला. तो मोडला की वर दुसरं काही भरता येत नाही. माझी दुसरी प्रत नव्हती. मला वाटलं, वाचले.

पण घरात सासू, सोनूबाई. तिचा मुलगा बाबू, म्हणजे राहीचा नवरा, मस्कतला. पत्रं लिहीत कोण बसतो? इकडची माणसं कॅसेटवर आवाज भरून पाठवतात. शेजारचा रावजी दुसऱ्या दिवशी सकाळीच मस्कतला निघालेला. राही न्हाणीत असताना सोनूबाईने मला टेपरेकॉर्डरवर लावलं. मी संगणकाच्या भाषेत किंचाळले.

"मेली खराब झाली वाटतं!" म्हणत तिने मोडक्या जागी चिकटपट्टी लावून भोक बुजवलं आणि आवाज भरायचं लाल बटण दाबलं.

"बाबू, बरा हायस ना रं? सुकट पाठवलीय. तुझी बायको चंद्रावर यानं आपटत बसते. पण मला भात येळेवर घालते हो..."

शब्दागणिक मी पुसली जात होते. ओरडू कशाने? माझं तोंडच ती पुसत होती.

सकाळी मी रावजीबरोबर गेल्याचं कळताच राही स्टँडवर धावली. एस्टी हलली होती. ड्रायव्हरने ब्रेक दाबला, तरी गाडी चार हात पुढे गेलीच. रावजीने खिडकीतून मला तिच्या हातात दिलं.

"म्हातारी रडत बोललीय वयनी," तो म्हणाला.

राहीने मला छातीशी धरलं. आणि परत केलं! "त्यांना सांगा, शेवटपर्यंत ऐका."

आता मी सुकटीच्या पुडक्यात आहे. माझी सुरुवात गेली. कुठलाच संगणक मला ओळखणार नाही. तिकडे प्रदर्शनात विकतच्या कॅसेटमधलं यान बटण सोडताच थांबेल, लोक टाळ्या पिटतील. खोटं आहे ते, साफ खोटं!

बाबू, आईचा आवाज संपला की किंकाळी येईल. बंद करू नकोस रे. ती तुझ्या बायकोची आहे. खऱ्या चंद्राचं तेवढंच उरलंय.