सावकाश चालणारा कॉम्प्युटर

पत्रिकेत नवरदेवाचं नाव होतं, त्याच्या आजोबांचं होतं, झाडून सगळ्या मामांची होती. नव्हतं ते फक्त नवरीचं.

"मी दोनदा वाचली गुरुजी," ओट्यावर बसत मुंजाजी म्हणाला. "म्हणलं आपलाच चष्मा गेला का काय. आमच्या सुनिताचं नावच दिसंना यात."

विश्वंभर गुरुजींनी नमुन्याचा कागद त्याच्या हातातून घेतला, वरून खालपर्यंत पाहिला, पुन्हा वर गेले. मग मान वळवून आतल्या खोलीतल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे बोट केलं.

"हे त्याचं काम हाय. टाकलेलं नाव गिळून टाकतो. म्हातारा झालाय तो."

"मंग बदला की. न्हाईतर दुरुस्त तरी करून घ्या." मुंजाजी हसला. "बरं झालं छापायला जायच्या आधी सापडलं. सोयरे मंडपातूनच वापस गेले असते."

चहा घेऊन आलेल्या गुरुजींच्या बायको मंजुळाबाई हसल्या नाहीत. महिन्याभरापूर्वी अशाच एका पत्रिकेत लग्नाचं गाव चुकलं होतं. कळमनुरीचं लग्न गुरुजींनी नरसीला नेऊन ठेवलं होतं. तेव्हाही कॉम्प्युटरनंच घोळ केला होता.

गोरेगावात पत्रिका म्हणजे नुसतं आवतण नव्हे. कुणाचं नाव कुणाच्या वर आलं, कुणाच्या नावापुढं 'पाटील' लागलं, कोणत्या जावयाचं राहून गेलं, यावरून वर्षानुवर्षं बोलणं बंद पडतं. ही सगळी गणितं विश्वंभर गुरुजींच्या डोक्यात पक्की असत. सेनगाव तालुक्यातल्या निम्म्या शाळांमधून त्यांनी नोकरी केली होती, त्यामुळं घराघरातलं माणूस ठाऊक. दिवाळीनंतर कोण गेलं आणि कुणाच्या नावाआधी आता 'कै.' लावायचं, हे घरच्यांच्या आधी त्यांना आठवे. चित्रकलेचा हात होताच. लेक प्रियदर्शनी शिकत असताना तिच्यासाठी घेतलेला कॉम्प्युटर ती पुण्याला गेल्यावर घरातच राहिला आणि निवृत्तीनंतर गुरुजी त्याच्यावर पत्रिका लावू लागले. माउसनं काढलेले त्यांचे गणपती पंचक्रोशीत ओळखले जात. हिंगोलीचा छापखानेवाला त्यांच्याकडून आलेलं काम न बघता छापायचा. हल्ली तेच मंजुळाबाईंच्या जिवाला लागून राहिलं होतं.

त्या संध्याकाळी प्रियदर्शनीचा फोन आला.

"बाबा, तो डबा आता देऊन टाका. मी लॅपटॉप पाठवते."

"त्यात माझे गणपती येतील का?"

"सगळं येईल."

"आन् माझी अक्षरं? ती जुनी हायेत. नव्यात उघडली की नुसते चौकोन दिसतात म्हणं."

"त्याचीही सोय असते हो बाबा."

"असंल. पर न्हाई आली तर?" असं म्हणून गुरुजींनी फोन बायकोच्या हातात दिला आणि उठून गेले.

मंजुळाबाईंनाही ठरवता येईना. नवा आणावा, तर गुरुजींचा हात जुन्यावर बसलेला. जुनाच ठेवावा, तर पुढची चूक कुठली निघेल याचा नेम नाही. रोज सकाळी गुरुजी कॉम्प्युटरवरची खोळ काढत, घडी घालत, बटण दाबत. आतला पंखा घरघरू लागे. पडदा उजळेपर्यंत चहा संपायचा. तोवर गुरुजी हातातला कागद एकेक नाव घेऊन वाचत बसायचे. मंजुळाबाई चुलीपाशी बसून कान त्या घरघरीकडे ठेवत. आज तरी नीट चाल बाबा, असं त्या मनात म्हणत, जणू ते घरातलंच दुखणाईत माणूस होतं.

शेवटी त्यांनी रणजीतला बोलावलं. रणजीत पलीकडच्या तांड्यावरचा, गुरुजींच्या हाताखाली शिकलेला. बसस्टँडजवळ त्याचं मोबाइल-कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं डबा उघडला, फुंकर मारून धूळ उडवली आणि बराच वेळ काहीबाही तपासलं.

"सर, बदलायची काही गरज न्हाई," तो म्हणाला. "हार्ड डिस्क थकली याची. तिच्या जागी नव्या जातीची डिस्क बसवतो, मेमरी वाढवतो. तुमचं समदं हाय तसंच दिसंल, हाय तिथंच सापडंल. फक्त पळंल."

"नावं खाणार न्हाई ना?" गुरुजींनी विचारलं.

रणजीत जरा घुटमळला. "तसं कॉम्प्युटर नावं खात नसतो सर. पर हळू असला की आपुन एक दाबतो, ते दुसरंच घेतं. तसं झालं असंल."

"तसंच झालं असंल," मंजुळाबाई घाईनं म्हणाल्या. "ने तू. बसव नवी."

निर्णय असा त्यांनीच घेतला. रणजीत मोटारसायकलवर डबा बांधून घेऊन गेला. टेबलावर धुळीचा चौकोन राहिला, तो त्यांनी ओल्या फडक्यानं पुसून काढला.

जेवताना गुरुजींनी विचारलं, "कॉम्प्युटर कुठं गेला?"

"रणजीतनं न्हेला न्हाई का. नवी डिस्क बसवायला."

"हां हां."

दिवेलागणीला त्यांनी पुन्हा विचारलं. मंजुळाबाईंनी पुन्हा सांगितलं. चैन पडत नसेल, हाताला काम नाही ना, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. तरी भाकरी थापताना त्यांचा हात एकदा थांबला.

दुसऱ्या दिवशी रणजीतनं डबा आणून जोडला. त्याच्या चेहऱ्यावरून कौतुक नुसतं सांडत होतं. "दाबा सर बटण."

गुरुजींनी बटण दाबलं आणि नेहमीसारखे खुर्ची ओढायला वळले. खुर्ची ओढून होईतो पडदा लख्ख उजळला होता. घरघर नाही, काही नाही. गुरुजींचा गणपती निळ्या पडद्यावर येऊन बसला होता.

गुरुजी दचकल्यासारखे झाले. खाली बसले. हात गुडघ्यांवर ठेवले.

"आता काय करायचं?"

"काय बी करा की सर. सुरू झाला तो."

"व्हय. सुरू झाला." गुरुजी पडद्याकडे पाहत राहिले. रणजीत मंजुळाबाईंकडं बघून हसला, पण त्यांचं लक्ष गुरुजींच्या हातांकडं होतं. ते गुडघ्यांवरून हलले नव्हते.

तरीही दोन-तीन दिवस बरे गेले. गुरुजी रोज बसत. सुनिताची पत्रिका पुन्हा लावायला घेतली होती. दुपारी मंजुळाबाई शेंगा निवडत बसल्या असताना आतून प्रिंटरचा आवाज आला आणि गुरुजी कागद घेऊन बाहेर आले.

"झाली बघ. आता एक चूक सापडली तर सांग."

मंजुळाबाई सातवी शिकलेल्या. त्यांनी हात पुसून कागद घेतला आणि बोट ठेवून वाचायला लागल्या. गणपती सुरेख होता. नवरीचं नाव ठसठशीत होतं. गाव बरोबर, तिथी बरोबर. त्यांचा जीव भांड्यात पडत चालला होता. निमंत्रकांच्या नावांपाशी त्यांचं बोट थांबलं.

'कै. भिवाजी'.

भिवाजी म्हणजे मुंजाजीचा थोरला भाऊ. कालच वानवळा म्हणून वांगी देऊन गेला होता. याच ओट्यावर बसून त्यानं गुरुजींशी सोयाबीनच्या गप्पा मारल्या होत्या.

"आवं," त्या शक्य तितक्या सहज म्हणाल्या, "भिवाजी भाऊच्या म्होरं काहून लावलं हे?"

"काय?"

"हे. कै."

"मंग काय लावायचं? गेला न्हाई का तो?" गुरुजींचा आवाज अगदी शांत होता. "मीच गेलो व्हतो की मातीला. पाऊस व्हता त्या दिवशी. लाकडं पेटंनात."

मंजुळाबाईंनी कागद मांडीवर ठेवला. ती माती भिवाजीच्या वडिलांची होती. प्रियदर्शनी तेव्हा रांगत होती.

"काल वांगी कुणी आणली?" त्यांनी विचारलं.

गुरुजी उत्तर द्यायला निघाले आणि थांबले. कोपऱ्यातल्या टोपलीकडं त्यांनी पाहिलं. वांगी तिथंच होती. कपाळावर आठ्या चढल्या, ओठ हलले, मग त्यांनी सवयीनं मान आतल्या खोलीकडं वळवली. कॉम्प्युटर नीट चालू होता. पडद्यावर पत्रिका स्वच्छ दिसत होती. गुरुजींचं बोट अर्धवट वर आलं आणि तसंच खाली गेलं.

"आता तर नवी डिस्क हाय त्यात," ते म्हणाले.

एवढंच म्हणाले. पण म्हणताना त्यांनी बायकोकडं असं पाहिलं, की इतक्या वर्षांच्या संसारात तशी नजर मंजुळाबाईंनी पाहिली नव्हती. नदीत पाय ठेवावा आणि खाली तळच लागू नये, तसं भेदरलेलं ते पाहणं होतं. मग ते आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. संध्याकाळी उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरची खोळ काढली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

मंजुळाबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि बसस्टँडचा रस्ता धरला. सेनगावच्या जीपवाल्यानं ओळखून "बसा काकू" म्हटलं, त्याला त्यांनी हातानंच नको म्हटलं.

"रणजीत, तू ते जुनंच बसव."

रणजीत मोबाइल उघडून बसला होता. "काय जुनं काकू?"

"ती जुनी डिस्क. हाय का टाकली?"

"हाय की. पर काहून? काही तकलीफ झाली का? मशीन तर एकदम बराबर चालून राहिली."

"बराबर चालून राहिली म्हणूनच म्हणते."

रणजीतला काही उमगेना. मंजुळाबाई दुकानातल्या स्टुलावर टेकल्या. वांग्यांचं सांगितलं, भिवाजीचं सांगितलं. रडल्या नाहीत, पण मधेच पदराचं टोक बोटाला गुंडाळत थांबत होत्या.

"तुला म्हणून सांगते बाबा. ते काय इसरतेत ते त्यानला बी कळून राहिलं. आधी म्हणायचे, कॉम्प्युटरनं खाल्लं. तेवढं म्हणलं की पुन्हा नव्यानं बसायचे. आता कुणाला म्हणतील? अन् दुसरं, तो सुरू व्हायला उशीर लावायचा, तंवर कागद वाचून कशाला बसलो ते ध्यानात यायचं. आता बटण दाबलं की तो म्होरं उभा. सांग म्हणतो, काय करू."

रणजीत हातातला स्क्रू ड्रायव्हर फिरवत राहिला. मग हळू म्हणाला, "जुनी डिस्क कधी बंद पडंल त्याचा भरोसा न्हाई काकू."

"चालंल तंवर चालू दे."

"आन् सरांना काय सांगू?"

"ते तूच बघ. शिकवलंय तुला त्यांनी."

दुपारी रणजीत घरी आला. गुरुजी पडूनच होते. त्यानं डबा उघडला, मान हलवली आणि मोठ्यानं म्हणाला, "सर, चूक माझी झाली. नवा पार्ट खराब लागला. भलतंच काहीबाही करून ठिवतो तो. जुनीच बसवतो. हळू चालंल, पर जिवाला घोर न्हाई."

गुरुजी उठून बसले. "खराब व्हता?"

"व्हय सर."

"कै. बी त्यानंच लावलं असंल."

रणजीतनं मान खाली घालून स्क्रू फिरवायला घेतला. "त्यानंच," तो म्हणाला.

गुरुजींचे खांदे सैल झाले. "तरी मी म्हणत व्हतो," असं पुटपुटत ते न्हाणीत तोंड धुवायला गेले. दोन-तीन दिवसांनी त्यांनी पाण्याचा हबका तोंडावर मारल्याचा आवाज आला. रणजीतनं जुन्या डिस्कवरचं सगळं एका पेनड्राइव्हवर उतरवून तो मंजुळाबाईंच्या हातात दिला. जाताना दारात वाकून त्यानं त्यांच्या पायाला हात लावला, आणि त्यांना एकदम भीती वाटली. असं कुणी पाया पडलं की पुढं वाढून ठेवलेलं सगळं खरंच आहे असं होऊन जातं.

प्रियदर्शनीला त्यांनी मागल्या दारी जाऊन फोन लावला. "लॅपटॉप नको पाठवू," त्या म्हणाल्या. "तूच ये. नांदेडला मोठ्या डॉक्टरला दाखवायचंय. त्यानला सांगितलंय, माझे गुडघे दुखतेत म्हणून." मग प्रियदर्शनी म्हणाली, "शनिवारी निघते."

सकाळी गुरुजींनी खोळ काढली, घडी घातली, बटण दाबलं. पंखा घरघरू लागला. मंजुळाबाईंनी चहाचे दोन कप आणून टेबलावर ठेवले आणि स्वयंपाकघरातला पाट नेऊन खुर्चीशेजारी मांडला. त्यांच्या मांडीवर नावांचा कागद होता.

"तू काहून बसली हितं?"

"मी वाचते, तुमी टाका. ही मशीन बेभरवशाची हाय. दोघांनी नजर ठिवली म्हंजी बरं."

गुरुजींना ते पटलं. चहा पिऊन होईपर्यंत पडदा उजळला.

"कुणाची म्हणली पत्रिका?"

"सुनिताची. मुंजाजी भाऊच्या पोरीची."

"हां. मंग थोरल्याचं नाव वर घ्यावं लागंल."

"श्री. भिवाजी," मंजुळाबाई वाचू लागल्या. 'श्री'वर त्यांनी जराही जोर दिला नाही.

गुरुजींनी बोटांनी अक्षरं दाबली आणि हात मागे घेतले. पडद्यावर अजून काहीच आलं नव्हतं. आतून घरघर चालू होती. मग 'श्री' उमटलं, आणि त्यामागून सावकाश एकेक अक्षर. दोघं खांद्याला खांदा लावून ते येण्याची वाट पाहत होती.