माप कोणी घेतलं?

“तुझ्या या बहिणीचं माप कोणी घेतलं गं?” शिंपीणबाईंनी ओठांतली टाचणी काढून विचारलं होतं. “नाचाच्या क्लासच्या बाकीच्या पोरी मापाला माझ्याकडे येतात. हिची तेवढी सरांच्या हातची मापाची चिठ्ठी येते.”

ताईच्या कडेवरची लेक तिचे केस ओढत होती, घरी कामं पडली होती. ताईने ते हसण्यावारी नेलं. “बाई, तुम्हाला जिथेतिथे उसवलेलंच दिसतं!”

याला महिना झाला. धाकटी बहीण शिकायला ताईकडे राहायची. पंधरा वर्षांची, एक पायरी सोडून जिना चढणारी, म्हणून सगळे तिला खारू म्हणत. नाचाच्या क्लासचे सर तिच्यावर भारी खूश. “हिच्यात काहीतरी आहे. पण बोलू नका कुठे, बाकीच्या पोरी जळतात,” असं ते म्हणाले, तेव्हा ताईची मान ताठ झाली होती. येत्या रविवारी ते खारूला परगावच्या स्पर्धेला नेणार होते. एकटीलाच.

आणि आज सकाळी नवा पोशाख आला. अंगावर अगदी चपखल बसला. खारूने आरशात पाहिलंसुद्धा नाही. ओरबाडून काढला नि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

बाईंचा तो प्रश्न आता ताईला टाचणीसारखा टोचायला लागला. तिने लेकीला झोपवलं, धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली, दोनदा दारापर्यंत जाऊन परत आली. शेवटी राहवेना. खारूशेजारी जाऊन बसली.

“खारू, माप कोणी घेतलं?”

“तू आणि तुझ्या चौकशा!”

“असू दे. सांग.”

मग उशीतूनच आवाज आला, “सरांनी. जास्तीच्या तालमीत. मला नको वाटायचं, ताई. पण ते म्हणाले, घरी सांगितलंस तर रविवारी दुसरी जाईल. मी गप्प बसले. म्हणजे माझंच चुकलं ना?”

“तुझं काडीचंही चुकलेलं नाही.” ताई म्हणाली. “मोठा माणूस ‘घरी सांगू नकोस’ म्हणाला ना, की तेच आधी घरी सांगायचं. आणि नको वाटलं तर नको. मग तो कितीही मोठा सर असो.”

“मला वाटलं, तू रागावशील.”

“रागावलेच आहे. त्याच्यावर. आणि थोडी माझ्यावर.”

रविवारचं जाणं रद्द. त्याच दुपारी लेकीला कडेवर घेऊन ताई खारूसोबत पोलीस ठाण्यात जायला निघाली. वाटेत ती चिठ्ठी मागायला दोघी शिंपीणबाईंकडे थांबल्या. बाईंनी मशीन थांबवलं, भिंतीवरची तार खाली काढली. मापांच्या जुन्या चिठ्ठ्या त्या तिच्यात ओवून ठेवत. खारूची निघाली. तिच्याखाली त्याच अक्षरातली आणखी एक. गेल्या वर्षीची.

“ही दोन वेण्यांची पोरगी,” बाई म्हणाल्या. “मध्येच क्लास सोडला. आळशी म्हणून सगळ्यांनी नावं ठेवली. मीसुद्धा.”

“घर माहीत आहे?”

बाई आधीच चपला घालत होत्या.

आता, ठाण्यात जाण्याआधी, तिघी त्या पोरीच्या दाराशी उभ्या आहेत. घंटी वाजवलीय, आतून अजून चाहूल नाही. तोवर तुम्ही एक करा. तुमच्याही माहितीत असं कुणीतरी असेल, मुलगी किंवा मुलगा, जिवापाड आवडणारं काहीतरी अचानक सोडून दिलेलं. आज जाऊन या. आणि ‘बरं आहे ना?’ एवढं विचारून लगेच निघू नका. जरा बसा.