दुसरी वाटी

भिंगरी वर्षाची झाली आणि घरात जमिनीवर काही ठेवायची सोय उरली नाही. चपला कपाटावर गेल्या, साखरेचा डबा वरच्या फळीवर, आणि टीव्हीचा रिमोट कुठं गेला ते कुणालाच कधी कळलं नाही. पोरगी नुकती चालायला लागली होती आणि क्षणभर एका जागी ठरायची नाही, म्हणून आजोबांनी तिचं नाव भिंगरी पाडलं. खरं नाव होतं, पण ते फक्त डॉक्टरांच्या फाइलवर वापरात होतं.

तिचा बाप फ्रीज दुरुस्त करायचा, आई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. सकाळी दोघं बाहेर पडले की भिंगरी आजोबांच्या ताब्यात. आजोबा म्हणजे बापाचे वडील. फर्निचरच्या कारखान्यात सुतारकामात हयात घालवून ते निवृत्त झाले होते. आजी भिंगरीच्या जन्माआधीच गेली होती. एकटा म्हातारा माणूस एवढ्याशा पोरीचं काय करणार, असं शेजारपाजारचे म्हणायचे. आजोबांनी पहिल्याच आठवड्यात टेबलाचे कोपरे घासून गोल केले, स्वयंपाकघराच्या दारात गुडघ्याएवढं फाटक बसवलं. लंगोट बदलणं, नखं कापणं, हातपाय झाडणाऱ्या पोरीच्या गळी औषध उतरवणं, सगळं त्यांना येत होतं.

"बाबा, तुम्ही हे कुठं शिकलात हो?" सुनेनं एकदा विचारलं होतं.

"लाकडापेक्षा सोपं आहे," ते म्हणाले. "चुकलं की ओरडून सांगते."

सुनेच्या पहिल्यांदा लक्षात आलं ते तिच्या सुट्टीच्या दिवशी. खोलीत ऊन आलं होतं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि भिंगरी समोर बिस्किट चघळत बसली होती. एकाएकी पोरगी उठली, कपाट आणि भिंत यांच्यामधल्या रिकाम्या कोपऱ्याकडे डुलत गेली आणि ओलं बिस्किट पुढं करून थांबली. थोडी वाट पाहिली. मग खुदकन हसली आणि बिस्किट परत स्वतःच्या तोंडात घातलं.

लहान मुलं असले खेळ करतातच, हे तिलाही ठाऊक होतं. पण ती दिवसभर लोकांचे डोळे बघायची. शून्यात बघणाऱ्याचे डोळे सैल पडतात. जवळचं बघताना दोन्ही बुबुळं किंचित नाकाकडे वळतात. भिंगरीची वळली होती. हातभर अंतरावरचं काहीतरी ती बघत होती, आणि ते तिच्याच उंचीचं होतं. मग ते हललं असावं, कारण तिचे डोळे कपाटाच्या कडेकडेनं खिडकीपर्यंत सलग सरकत गेले. समोर हलतं काही नसेल तर डोळे असे सरकत नाहीत, थांबत थांबत उड्या मारतात. मोठ्या माणसांनाही ते मुद्दाम जमत नाही.

तिनं हातातली घडी मोडली आणि परत घातली. मग उठून कोपऱ्यात हात फिरवून पाहिला. भिंत होती, थोडी धूळ होती.

"कोळी असेल," संध्याकाळी नवरा म्हणाला. "दिसला तर चप्पल मार."

"कोळ्याला कुणी बिस्किट देतं का? अरे, मी डोळे बघितले तिचे."

"दुकानातले डोळे दुकानात ठेवून येत जा तू."

तीही हसली. पण त्यानंतर तिचं लक्ष त्या कोपऱ्यावरून हलेना. आणि मग वाट्या दिसल्या. एके दिवशी ती लवकर घरी आली, तर ओट्यावर दोन वाट्या, दोन्हीत कुस्करलेलं केळ, दोन्हीत छोटे चमचे.

"दोन कशाला, बाबा?"

"एक सांडते ती," आजोबा म्हणाले आणि दुसरी वाटी पाठीमागे सरकवली. जन्मभर खोटं न बोललेल्या माणसाला खोटं बोलताना हात कुठं ठेवावेत ते कळत नाही, तसं त्यांचं झालं होतं.

पुढच्या आठवड्यात ती किल्लीनं दार उघडून आत आली आणि चपला काढता काढता थबकली. आतल्या खोलीतून आजोबांचा आवाज येत होता. हळू, लाडाचा, तिनं कधी न ऐकलेला.

"तुझं झालं ना? आता तिची पाळी. असं ओढायचं नाही. मोठी आहे ती तुझ्यापेक्षा."

भिंगरी खिदळली. सून आत गेली तेव्हा म्हातारा जमिनीवर मांडी घालून बसला होता, चमचा कोपऱ्याकडे धरून. चमचा भरलेला होता. सुनेला बघून त्यांनी तो मुकाट्यानं वाटीत ठेवला. ती भिंगरीला उचलून सरळ गॅलरीत घेऊन गेली.

या वेळी नवरा हसला नाही. "बाबांचं वय झालं," एवढंच म्हणाला. "पाळणाघर बघू या. त्यांना मी सांगेन, तू मध्ये पडू नकोस." पण सांगायचं आज-उद्यावर जात राहिलं, आणि मध्येच भिंगरीला ताप आला.

सकाळी पोरगी उठली तीच तापलेली. सुनेनं रजा टाकली, तिला नाक्यावरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी घसा बघितला, कान बघितले आणि म्हणाले, "साथ आहे. दोनतीन दिवस चालेल. पाणी पाजत राहा." काळजीचं काही नव्हतं. पण घरी येताच आजोबांनी पोरगी तिच्या हातातून घेतली ती परत खाली ठेवलीच नाही. दुपार झाली, तरी ते खुर्चीत तसेच बसले होते. तिचं डोकं त्यांच्या खांद्यावर आणि त्यांचा हात तिच्या पाठीवर.

"द्या इकडे, बाबा. दोन घास खाऊन घ्या."

"नको."

"अहो, झोपलीय ती. पाय मोकळे करा जरा."

"या खेपेला मी उठणार नाही," ते म्हणाले.

ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. "या खेपेला म्हणजे?"

ते भिंगरीच्या केसांकडे बघत म्हणाले, "तुझ्या नवऱ्याच्या आधी एक होती. ठकी म्हणायचो. एवढीच होती, नुकती चालायला लागलेली. ताप आला. डॉक्टर म्हणाले, उतरेल. मी कामाला गेलो. परत आलो तर दारात माणसं उभी."

बाहेर कुणीतरी जिन्यावरून खोकत गेलं.

"आई कधी बोलल्या नाहीत," ती म्हणाली.

"तिला सोसलं नाही. पाळणा, कपडे, सगळं तिचा भाऊ घेऊन गेला. आम्ही घर बदललं. ठकीचं नाव काढलं की ती ताटावरून उठायची. मग मी काढायचं सोडलं. पुढं हा झाला. त्याला कशाला सांगायचं, म्हणाली. ती गेल्यावर वाटलं, आता बोलावं कुणाशीतरी. तर जीभ वळेना. इतकी वर्षं दाबून धरलेलं नाव, सापडेना मेलं तोंडात."

"आणि वाटी, बाबा? तुम्हाला तिथं कोण दिसतं?"

"मला काही दिसत नाही गं." त्यांचा आवाज पहिल्यांदा फाटला. "दिसलं असतं तर आणखी काय हवं होतं? भिंगरीला दिसतं. चालायला लागली त्याच आठवड्यात तिकडं बघून हसली. तेव्हापासून मी मांडतो वाटी. म्हटलं, असली तर उपाशी कशाला राहील?" मग त्यांनी मान वर केली. "तू डोळे तपासतेस. मला खरं सांग. पोर तिथं काही बघते का?"

'मुलं असं करतात' हे वाक्य तिच्या ओठांवर तयार होतं. कोपरा तिच्या पाठीमागेच होता आणि वळून बघायचा तिला धीर होत नव्हता.

"बघते," ती म्हणाली. "जवळचं काहीतरी. तिच्याच उंचीचं."

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. त्या दुपारी ते जेवले नाहीत, पण तिनं कपात दिलेलं दूध मात्र प्यायले.

नवरा आला तेव्हा भिंगरीचा ताप उतरत चालला होता. आजोबांनी त्याला हत्यारांची पिशवी खांद्यावरून उतरवूही दिली नाही, तसंच सगळं सांगून टाकलं. तो दारातच उभा राहिला.

"मला बहीण होती?"

"होती."

"आणि तुम्ही दोघांनी..." तो गॅलरीत निघून गेला. सून मागोमाग गेली तर तो कठडा धरून खाली रस्त्याकडे बघत होता.

"लहानपणी मी सारखा विचारायचो, मला भाऊ का नाही, बहीण का नाही," तो म्हणाला. "आई उठून आत निघून जायची. मला वाटायचं, मी काहीतरी घाण बोललो."

मग तो आत गेला, वडिलांसमोर बसला आणि म्हणाला, "कशी होती?"

पाळणाघराचा विषय पुन्हा निघाला नाही. भिंगरी दोन दिवसांत बरी झाली आणि आजारपणात बुडलेला दंगा व्याजासकट वसूल करू लागली. कोपऱ्याकडे मात्र ती आता क्वचितच बघायची, आणि काही आठवड्यांनी बघेनाशी झाली. बिस्किट आपलं आपण खायची. दुसऱ्या वाटीतलं केळ काळं पडायला लागलं. एके दिवशी आजोबांनी ती वाटी घासून, पुसून पालथी घातली, आणि त्यानंतर एकच मांडली. सुनेला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. त्या दिवशी आजोबा घरात असे वावरत होते की जणू दुसऱ्यांदा सगळं आवरून टाकलं होतं.

नवऱ्यानं मात्र एक गोष्ट सोडली नाही. दर सुट्टीला चहा झाला की तो वडिलांना विचारायचा, "ठकीचं सांगा काहीतरी." ते सांगायचे. तिला आंघोळ आवडायची नाही. रंध्यातून निघालेलं लाकडाचं सालपट ती कानावर अडकवायची. मांजराला 'बाबा' म्हणायची आणि बाबांना काहीच म्हणायची नाही. सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. पण वर्षभराच्या पोरीच्या गोष्टी असून असून किती असणार! त्या संपल्या, मग परत पहिल्यापासून झाल्या, आणि परत संपल्या.

अशाच एका सुट्टीला भिंगरी टेबलाखाली डबे आपटत होती आणि आजोबा म्हणाले, "ठकीला शाळेत घातलं तेव्हा काय रडली! बाई म्हणाल्या, घरी न्या हिला आज."

सुनेचा हात कपावर तसाच राहिला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. ठकी शाळेच्या वयाची झालीच नव्हती, हे तो आता हळूच सांगेल, असं तिला वाटलं.

"मग?" नवऱ्यानं विचारलं.

"मग काय, दुसऱ्या दिवशी आपणहून गेली. पुढं तुलाही तीच न्यायची. तू लहान होतास. तिच्याशिवाय फाटकातून आत जायचा नाहीस. आठवत नाही तुला?"

टेबलाखालचा आवाज थांबला होता.

"आठवतं," नवरा म्हणाला. "रस्ता ओलांडताना ती माझा हात धरायची नाही. मनगट धरायची. घट्ट. दुखायचं."

"हां," आजोबा समाधानानं म्हणाले. "तशीच होती ती."

नंतर कपबश्या विसळताना सुनेनं नवऱ्याला गाठलं. "बाबांचं ठीक आहे. तू कशाला हो म्हणालास? आणि ते मनगटाचं कुठून काढलंस?"

तो ओल्या हातानं आपलं डावं मनगट चोळत उभा होता.

"काढलं नाही," तो म्हणाला. "धरायची."